गाडीचं विचारा : हेडलाईट उघडायचाय, पण बंद कोण करणार?

प्रश्न : काका नमस्कार. माझ्याकडे 2014 ची सेकंडहँड हॅचबॅक आहे. हेडलाईटच्या आतली चंदेरी फ्रेम काळी करायचीय, जमलं तर प्रोजेक्टरही (पुढे भिंग असलेला दिवा) बसवायचाय. व्हिडिओत सगळे हेडलाईट ओव्हनमध्ये टाकतात आणि काच हातात. आमचा ओटीजी छोटा आहे आणि आईला विचारायची हिंमत नाही. घरी जमेल का? आणि नंतर पाणी जाणार नाही ना?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आईला विचारू नकोसच, त्या ओटीजीत परत नानकटाई होणार नाही. तसाही गाडीचा हेडलाईट त्यात मावत नाही, कोपरा तापलेल्या सळीला टेकला की प्लास्टिक गेलंच.

आधी हे बघ की तुझा दिवा उघडण्यातला आहे का. काचेच्या कडेला जिथे खाचेतलं काळं रबर दिसतं तिथे नख टोचून बघ. खड्डा पडला, नख जरा चिकटलं, तर ते ब्युटाइल, म्हणजे तापवलं की मऊ होणारं. टायरसारखं कडक लागलं तर तो कायमचा सील, तो तापवून सुटत नाही, कापावा लागतो. तसं असेल तर तू नाद सोड. आपण काच म्हणतो ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, ओढाओढीत कडेला तडा जातो आणि मग नवीन हेडलाईटचं बिल.

ब्युटाइल असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढ, बंपर उतरव (बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय दिवा बाहेर येत नाही), बल्ब, मागची रबरं, कडेचे स्क्रू सगळं काढून घे. स्क्रू मोजून घे आणि डबीत ठेव, कारण एखादा स्टिकरखाली किंवा खालच्या बाजूला लपलेला असतो आणि तो राहिला की आपण जोर लावतो आणि खटका तुटतो.

तापवायला हीट गन घे. एका जागी धरायची नाही, वीतभर लांबून फिरवत राहायची. रबर साधारण शंभर डिग्रीच्या आसपास ढिलं पडतं आणि पॉलिकार्बोनेट 147 च्या आसपास मऊ व्हायला लागतं, म्हणजे मधे जागा आहे, पण गनच्या तोंडाशी हवा त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते, म्हणून घाई नको. एका कोपऱ्यापासून सुरू कर, चपटा स्क्रू ड्रायव्हर कापडात गुंडाळून खाचेत घाल, हळू उचकट, पुढचा भाग तापव, परत उचकट. लाडवाच्या पाकासारखी तार सुटायला लागली की समज बरोबर चाललंय. तार न सुटता कडकन आवाज आला तर थांब.

आता उघडल्यावरची गोष्ट. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा रिफ्लेक्टरवर एक धुळीचा ठिपका दिसला म्हणून बनियनच्या कापडाने पुसला. तो चकचकीत थर अ‍ॅल्युमिनियमचा इतका पातळ असतो की तिथेच धूसर पट्टा उमटला, आणि गाडी विकेपर्यंत तो डावा दिवा मिचमिच्या डोळ्यासारखा दिसायचा. रिफ्लेक्टरला हात लावायचा नाही, बोटही नाही. रंग फक्त फ्रेमला द्यायचा, ती सुटी काढून, उष्णता सहन करणारा मॅट काळा, आणि दोन-तीन दिवस नीट वाळू द्यायचा. ओला रंग आत बंद केला की दिवा तापल्यावर त्याची वाफ काचेला आतून धुकं बसवते आणि परत पाकाची तार.

प्रोजेक्टरचं मात्र जपून. आपल्याकडे डाव्या बाजूने गाडी चालते, त्यामुळे डिपरच्या प्रकाशाची कड डावीकडे उचललेली पाहिजे. उजव्या बाजूने चालवणाऱ्या देशासाठी बनलेला आणलास तर ती उजवीकडे उचलते, म्हणजे ताम्हिणीत समोरून येणारा रोज तुला आशीर्वाद देणार. बसवल्यावर सपाट जागी भिंतीपासून 10 मीटर लांब गाडी लाव, दिव्याच्या मध्याच्या उंचीला टेप चिकटव, प्रकाशाची आडवी कड त्याखाली साधारण 10 सेंटीमीटर आली पाहिजे.

आणि कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलंय त्यात मनाने बदल करायचा नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एआरएआय, म्हणजे गाड्या आणि त्यांचे भाग तपासणारी संस्था, आपल्याच गावात वेताळ टेकडीवर आहे, दिवे तिथे तपासले जातात, आपण तपासलेला दिवा घरी उघडतोय हे डोक्यात असू दे. प्रोजेक्टरचं तुझं तू बघ, मी मात्र फ्रेम काळी करून थांबलो असतो.

बंद करणं हेच खरं काम. जुना डिंक धुळीने माखला असेल तर पूर्ण काढ, खाच स्पिरिटने पूस (खाच, रिफ्लेक्टर नाही!), नवीन ब्युटाइलची दोरी कुठेही खंड न पाडता बसव, दोन टोकं एकमेकांवर थोडी चढव, परत तापव, काच दाब, खटके लागल्याचा आवाज ऐक, स्क्रू लाव, गार होईस्तोवर क्लॅम्पने आवळून ठेव. मग पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसं कर: मागची भोकं झाक, एकातून हलकी फुंक मार, कडेला साबणाचं पाणी लाव, बुडबुडा आला तर तिथे परत तापव. नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे ब्युटाइल रोल विचार. आणि पहिला हात स्वतःच्या गाडीवर साफ करू नकोस, बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात तुटका हेडलाईट मिळाला तर त्याच्यावर कर.

प्रश्न : यांनी हौसेने हेडलाईट उघडून बाथरूमच्या सिलिकॉनने बंद केला, पहिल्याच पावसात आत पाणी! दिवा लावला की मत्स्यालय दिसतं.
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास आला होता का? तो वास आम्लाचा, आत कोंडला की रिफ्लेक्टरचा थर खराब करतो, आणि परत उघडायची वेळ आली की ब्युटाइलसारखं तापवून सुटत नाही, ब्लेडने खरवडत बसा. यांना म्हणावं सगळं खरवडून ब्युटाइल लावा. आणि मागे छोटं वाकडं रबरी नळकांडं किंवा जाळी असते ती यांनी "भोक आहे" म्हणून बुजवली नाही ना ते बघा, दिवा त्यातूनच श्वास घेतो. थंड सकाळी हलकं धुकं धरून दिवा लावल्यावर निघून जात असेल तर तो दोष नाही, पाणी साचलं तर दोष. तोवर सिलिका जेलची पुडी टाकू नका, बल्बजवळ गेली तर नसती आफत.

प्रश्न : काच पिवळी पडलीय, गॅरेजवाला म्हणतो उघडावी लागेल. खरं का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : पिवळेपणा बहुतेक वेळा बाहेरचा असतो, उन्हाने वरचा थर गेलेला. पाणी मारत मारत 800, मग 1500, मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर पॉलिश, आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट (ऊन अडवणारा पारदर्शक थर), तो लावला नाही तर काही महिन्यांत परत तेच. उघडायची गरज नाही. गॅरेजवाल्याला आधी बोट फिरवून दाखवा म्हणावं, आत पिवळं आहे ते कशावरून.