स्वस्त तिकिटं, नाणी विकून हाती काय लागतं?

प्रश्न : वडिलांचा टपाल तिकिटांचा संग्रह माझ्याकडे आलाय. बहुतेक तिकिटं साधीच आहेत. एकेक करून ऑनलाइन विकली तर गठ्ठ्यापेक्षा जास्त पैसे येतील ना?

येतील की, पण त्यापायी किती तास जातील ते आधी बघा. तिकीट कुठलं, कोणत्या सालचं ते ओळखायचं. चिमट्यात धरून उजेडात फिरवायचं. कडेचे दात शाबूत आहेत का, मागे हिंजचा (वहीत तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग आहे का, कोपरा विरलाय का हे पाहायचं. मग पुढून-मागून फोटो, वर्णन, ‘शेवटचा भाव बोला’ म्हणणाऱ्यांना उत्तरं, पुठ्ठा कापून पाकीट, पोस्टाची फेरी. एका तिकिटामागे पंधरा मिनिटं धरली तर तासाला चार तिकिटं होतात. त्या चारांच्या किमतीतून कमिशन, पाकीट आणि टपालखर्च वजा करा. उरेल ती तुमची तासाची मजुरी. ती बघून बरेच जण हात जोडतात.

खरी अडचण अशी की तिकीट स्वस्त असलं म्हणून ही मिनिटं कमी होत नाहीत. महागड्या तिकिटालाही जवळपास तेवढीच लागतात. म्हणून मोजकी चांगली तिकिटं वेगळी काढा, ती एकेक विका. बाकीच्यांचे देशवार किंवा विषयवार गठ्ठे करा : पक्षी, रेल्वे, जहाजं. पाकिटावरून कागदासकट कापलेली तिकिटं तर वजनावर विकायची जुनीच रीत आहे. ती भिजवून सुटी करण्यात दुपार घालवू नका.

प्रश्न : तिकिटांच्या किमती देणाऱ्या कॅटलॉगमधून माझ्या तिकिटांची बेरीज केली तर ती भरपूर होते. व्यापारी मात्र त्याच्या दहावा हिस्साही द्यायला तयार नाही. फसवतोय का?

बहुधा नाही. स्टॅन्ली गिबन्ससारख्या तिकीट-विक्रेत्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये जी सर्वांत कमी किंमत छापतात, ती तिकिटाचं मोल नसतं. ते शोधून, तपासून गिऱ्हाइकाच्या हातात देण्याचा तो खर्च. प्रस्तावनेत तसं लिहिलेलंही असतं, पण प्रस्तावना वाचतो कोण! अशी हजार तिकिटं असतील तर तुम्ही हजार वेळच्या मजुरीची बेरीज केली आहे, आणि ती मेहनत आता व्यापाऱ्याला करायची आहे.

जुनं म्हणजे दुर्मीळ, हाही हिशेब चुकतो. १८४० चं पेनी ब्लॅक, जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, साडेसहा कोटींहून जास्त छापलं गेलं होतं. त्याला भाव येतो तो मागणीमुळे. तुमच्या साध्या तिकिटांमागे तशी मागणी नाही.

प्रश्न : १९९० च्या आसपासची बेसबॉल कार्डं (खेळाडूंचे फोटो असलेली) आहेत. ग्रेडिंग, म्हणजे कंपनीकडून तपासून दर्जा ठरवून घेतला, तर भाव वाढेल?

त्या काळात ही कार्डं बेसुमार छापली गेली. संग्राहक त्या काळाला ‘जंक वॅक्स’च म्हणतात, म्हणजे मेणकागदी पुड्यांतली रद्दी. ग्रेडिंगची फी दर कार्डामागे पडते आणि साध्या कार्डाच्या किमतीपेक्षा ती सहज जास्त भरते. एखाद्या मोठ्या खेळाडूचं पहिलं कार्ड अगदी निर्दोष असेल तर विचार करा. बाकीची डब्यासकट विका.

प्रश्न : नाणी विकण्याआधी घासून चकचकीत करू का?

अजिबात नको. घासलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतो आणि भाव पाडतो. एक काम तरी वाचलं.

प्रश्न : मी निवृत्त आहे, मला हे काम आवडतं. मग तासांचा हिशेब कशाला?

मग मजुरी धरू नका, पण टपालखर्च आणि पाकिटं धरा. ती आवडीनं फुकट मिळत नाहीत. एका दिवशी नुसते फोटो, दुसऱ्या दिवशी नुसती पाकिटं, असं काम वाटून घेतलं तर वेग येतो. नवीन गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा जुन्याकडून त्याला हव्या असलेल्या तिकिटांची यादी मागवा : एका पाकिटात वीस तिकिटं गेली की टपालखर्च वीस जागी विभागला जातो. आणि एक रक्कम आधीच ठरवून ठेवा. त्याखालच्या वस्तूबद्दल तक्रार आली तर वस्तू परत न मागवता पैसे देऊन टाका. एका स्वस्त तिकिटावरून चार दिवस पत्रव्यवहार चालला, तर त्या आठवड्याची सगळी कमाई त्यातच जाते.