नाशिकचं सार्वजनिक वाचनालय सरकारी आहे का? हल्ली तिथे कोणी जातं का?

सरकारी नाही, महापालिकेचंही नाही. ते सभासदांचं आहे. तुम्ही नाशिकला नवीन आहात म्हणून हे आधी सांगतो, कारण तिथलं बरं-वाईट सगळं त्यातूनच आलंय.

'सावाना' (गावात पूर्ण नाव क्वचितच कोणी घेतं) 1840 सालचं. बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू व्हायला तेव्हा तेरा वर्षं होती. नाशिक जिल्हाच मुळी 1869 साली झाला, म्हणजे जिल्ह्याआधी वाचनालय! पूर्वी ते सरकारवाड्यात होतं, आता टिळक पथावर आहे. शालिमार चौकातून चालत जा. गाडी नेलीत तर लावायला जागा शोधण्यातच वेळ जाईल.

आवारात परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, नाटकवाल्यांचं 'पसा'. कुसुमाग्रज या वाचनालयाचे अध्यक्ष होते. शिवाय इथून माजी आमदार माधवराव लिमयांच्या नावाने कार्यक्षम आमदार पुरस्कार दिला जातो. वाचनालयाने आमदारांचं प्रगतिपुस्तक तपासावं, हे मला फारच नाशिककर वाटतं.

पैशांचं म्हणाल, तर महाराष्ट्रात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, पण ग्रंथालय कर नाही. वाचनालयांना अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि त्याप्रमाणे अनुदान. तेवढ्यात भागत नाही, म्हणून वर्गणी आणि सभागृहाचं भाडं लागतंच. कार्यकारी मंडळ सभासद निवडतात. निवडणूक लागली की पॅनेलं उभी राहतात, घरी पत्रकं येतात, पुस्तकांबद्दल कधी न बोलणारे फोन करून चौकशी करतात. लोक नाकं मुरडतात. मला त्यात वाईट दिसत नाही. ज्या संस्थेसाठी कोणी भांडत नाही तिला कुलूप लागायला वेळ लागत नाही.

राहिला प्रश्न कोण जातं याचा. सकाळी वर्तमानपत्रांसाठी निवृत्त मंडळी. दिवाळीनंतर दिवाळी अंकांसाठी सगळेच, आणि चांगला अंक कायम 'बाहेर गेलेला'. शहरातल्या अभ्यासिका मात्र स्पर्धा परीक्षावाल्या मुलांनी भरलेल्या. कपाटातल्या कादंबऱ्यांना ती हात लावत नाहीत, स्वतःचीच पुस्तकं घेऊन बसतात. बसू देत.

सभासद व्हायचं तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि अनामतीचे पैसे जवळ ठेवा. लांब राहत असाल तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाची शंभर पुस्तकांची पेटी सोसायटीत आणता येते का, तेही विचारा. मतदानाचा हक्क तेवढा पेटीबरोबर येत नाही.