ट्रेनिंग दिलं की माणसं पळतात का? माझा अनुभव

तुम्ही विचारलंय की युनिव्हर्सिटीत स्टाफ ट्रेनिंगवर खर्च केला तर लोक खूश राहून टिकतील, की शिकून दुसरीकडे जातील. नवी मुंबईत एका खासगी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात 19 वर्षं काढलीत, त्यावरून लिहितो.

आमच्या परीक्षा विभागात एक ज्युनिअर क्लार्क होती, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने यायची. तिला निकालाच्या नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगला पाठवलं, पाच दिवस, पोरगी वही भरून नोट्स घेऊन आली. सोमवारी साहेबांना दाखवायला गेली तर साहेब म्हणाले, "ते राहू दे, आधी हे रिव्हॅल्युएशनचे फॉर्म नंबरप्रमाणे लाव." आठ महिने फॉर्मच लावत होती, मग ठाण्यातच घराजवळ नोकरी मिळाली आणि गेली. वर सगळे म्हणायला मोकळे, बघा, शिकवलं म्हणून गेली! अहो, शिकवलं म्हणून नाही, शिकवून बसवून ठेवलं म्हणून गेली.

तुमची भीती अगदीच खोटी नाहीये. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने 1964 मध्येच मांडलंय की कुठेही चालेल असं कौशल्य दिलं की माणसाचा बाहेरचा भाव वाढतो. पण हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाचं 1959 चं म्हणणं मला जास्त पटतं, पगार आणि नियम नीट असले तर कुरकुर थांबते एवढंच, समाधान मिळतं ते कामातून, जबाबदारीतून, पुढे सरकल्यामुळे.

प्राध्यापकांचं गणित वेगळं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत पहिल्या बढतीसाठी 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो, शिवाय रिफ्रेशर कोर्स वगैरे. त्यामुळे बरेच जण सर्टिफिकेटसाठी कॅमेरा बंद करून बसतात (मी पाहिलेत, नावं नाही घेत), पण बढती समोर दिसते म्हणून टिकतात. खरे हाल सीएचबीवाल्यांचे, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवर, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे. तासावर पैसे, मग ट्रेनिंगला गेलं की तेवढे तास बुडाले, आणि बढती तर नाहीच. त्यांना फुकटचं ट्रेनिंग देऊन निष्ठा मागू नका, हे मी मीटिंगमध्येही बोललोय, कुणाला आवडलं नाही.

बजेट मागताना एवढं लिहून घ्या की परत आल्यावर महिन्याच्या आत त्या माणसाच्या हातात तेच काम पडेल, आणि ते त्याच्या साहेबाकडून सही करून घ्या, एचआरकडून नाही. आम्ही नंतर दोघांना पाठवलं आणि आल्या आल्या एका शाखेचा निकाल त्यांच्यावर सोपवला. एक जण सरकारी नोकरी लागली म्हणून गेलाच, त्याला कोण अडवणार. दुसरा अजून आहे, परवा एटीकेटीच्या (काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्यांच्या) यादीत माझीच चूक काढली त्याने.