महाराष्ट्रात संस्था काढायची पद्धत कशी सुरू झाली? त्याआधी लोक एकत्र येत नव्हते का?

येत होते की. गावकी होती, जातपंचायत होती. पण तिथे माणूस जन्मानेच आत असायचा. आपणहून सभासद व्हायचं, नियम पाळायचे, सर्वांच्या कामासाठी बसायचं, ही रीत आपल्याकडे १९व्या शतकात रुजली. मुंबईत १८५२ साली जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी लाड प्रभृतींनी बॉम्बे असोसिएशन काढली. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुण्याची सार्वजनिक सभा.

सुरुवात झाली पर्वतीच्या देवस्थानावरून. तिथल्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्यातून गणेश वासुदेव जोशी या वकिलांच्या पुढाकाराने २ एप्रिल १८७० रोजी सभा उभी राहिली. पुढे या गृहस्थांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणूनच ओळखू लागले.

सभेचा एक नियम मला फार थोर वाटतो. सभासद व्हायचं तर निदान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे अशी सुमारे ६,००० माणसं होती. 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' असं सरकारने विचारलं तर दाखवायला कागद तयार! मतदानाचा हक्क नव्हता त्या काळात हे सुचलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये पुण्यात आले आणि कामाला अभ्यासाची जोड मिळाली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं धाडली, पिकापाण्याची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे ठेवली. १८७८ पासून सभेचं त्रैमासिकही निघू लागलं.

मात्र एक उणीव सांगायलाच हवी. सभेत भरणा होता तो सरदार, इनामदार, सावकार, वकील अशा वरच्या थरातल्या मंडळींचा. नाव 'सार्वजनिक' असलं तरी शूद्रातिशूद्रांना त्यात जागा कुठे, हा जोतीराव फुल्यांचा आक्षेप रास्तच होता. त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला त्याच पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला.

पुढे १८९५ मध्ये सभा टिळकांच्या गटाकडे गेली, रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना दुष्काळी कायद्यातले हक्क गावोगाव समजावून सांगितले. तेव्हा सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. ६,००० सह्यांवर उभ्या राहिलेल्या सभेचे अर्ज त्यानंतर सरकारदरबारी चालेनासे झाले.