शंभरला स्टिअरिंग थरथरतं तेव्हा

भाऊ, समृद्धी महामार्गावर शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं म्हणून लगेच अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचा कोन नीट करायचे, पैसे भरू नको. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते. थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची असते, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसतं. हाताला जाणवली तर आधी पुढची चाकं बघ, सीटला जाणवली तर मागची. फक्त ब्रेक मारल्यावर होत असेल तर डिस्क तपासून घे. माझ्या रिमवरची बॅलन्सिंगसाठी चिकटवलेली वजनाची पट्टी निघून गेली होती, नुसता गोंदाचा काळा चौकोन उरला होता. बॅलन्सिंगआधी रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडून काढ. आणि टायरच्या बाजूवरून हात फिरव. फुगवटा लागला तर जवळच्या वर्धा रोडलासुद्धा जाऊ नको, आधी टायर बदल. आपल्या मे महिन्याच्या उन्हात असा टायर फुटायला वेळ लागत नाही. हवा सकाळी, टायर थंड असतानाच भर.