फाशी यार्डातली कविता लोकांपर्यंत नेताना

प्रश्न : आमचं छोटं वाचन मंडळ आहे. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या बहिणीने त्याच्या सात कविता आम्हाला दिल्या आहेत. त्यांचं जाहीर वाचन करून ध्वनिमुद्रण इंटरनेटवर टाकायचा विचार आहे. परवानगी तुरुंगाची लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी लागते ती कैद्याची स्वतःची. बहिणीने वही दिली म्हणजे त्याने होकार दिला असं होत नाही. शिक्षा झाली तरी कवितेचा कॉपीराइट त्याचाच राहतो. त्याच्या सहीचं पत्र घ्या आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या : कोणत्या कविता, वाचन की छपाई की दोन्ही, नाव द्यायचं की नाही, आणि किती वर्षांसाठी व कुठे. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. इंटरनेटवर टाकायचं असेल तर ‘जगभर’ हा शब्द पत्रात हवाच.

दुसरं, कविता जाहीर करण्याआधी त्याच्या वकिलांना दाखवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नुकसान इथेच होतं. अपील, पुनर्विचार किंवा दयेचा अर्ज बाकी असेल, तर ‘माझ्या हातून’ अशी एखादी ओळ कबुलीसारखी वाचली जाऊ शकते. उलट, याच कविता त्याच्या कामीही येऊ शकतात. महाराष्ट्रातल्या एका कैद्याला एका लहान मुलाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. गुन्ह्याच्या वेळी तो २२ वर्षांचा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. तेव्हा त्याची तुरुंगात १८ वर्षं झाली होती. आपली चूक त्याला उमगली आहे हे त्याने तुरुंगात लिहिलेल्या कवितांवरून दिसतं, असं न्यायालयाने नोंदवलं. म्हणून मूळ कागद आणि टपालाच्या शिक्क्याचं पाकीट दोन्ही जपा, आणि वाचनासाठी झेरॉक्स वापरा. कविता कधी लिहिली याचा तो पुरावा आहे.

आता तुरुंगाचं. पत्रं तपासूनच बाहेर येतात, तो नियम टाळू नका. पण लेखन छापूच नये असं अधिकाऱ्यांना वाटलं म्हणून ते अडवता येत नाही. १९६५ साली मुंबईच्या तुरुंगातल्या एका स्थानबद्धाचं अणुविज्ञानावरचं मराठी हस्तलिखित बाहेर जाऊ न देणं सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं. १९९४ मध्ये तामिळनाडूत फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचं आत्मचरित्र एका तमिळ साप्ताहिकात येणार होतं. बदनामी होईल या भीतीने सरकारला आधीच बंदी घालता येत नाही, छापून आल्यावर दाद मागावी, असं तेव्हा न्यायालय म्हणालं.

प्रास्ताविकात मात्र सांभाळा. गुन्हा बलात्काराचा असेल, तर पीडितेची ओळख पटेल असं काहीही बोलू नका : नाव, गाव, शाळा, नातं, काहीच नाही. ती हयात नसली तरी हे लागू आहे. मुळात गुन्ह्याची हकिगत रंगवून मग कविता वाचणं आम्हाला पटत नाही. त्या घरातलं कुणी ऐकत असेल, हे धरूनच बोला.

प्रश्न : कवीचाच आवाज मिळाला तर? फोनवर रेकॉर्ड करावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : परवानगीशिवाय मुळीच नको. सापडलं तर फोन बंद होतो त्याचा, तुमचा नाही. दुसऱ्याने वाचणं हे काही कमी प्रतीचं नव्हे. अमेरिकेत टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन इथल्या पोलन्स्की तुरुंगात कैद्यांनी चालवलेलं एक छोटं एफएम केंद्र आहे. फाशीच्या कोठड्यांतले लोक आपलं लेखन तिकडे पाठवतात आणि निवेदक ते वाचून दाखवतात.

वाचणाऱ्याने रडका सूर लावू नये. मागे बासरी नको. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीच वाचा, ‘शुद्ध’ करू नका.

आणि टाइप करताना नजर हवी. आंतरदेशीय पत्रावर ओळ तुटते ती बऱ्याचदा कागद संपला म्हणून. ती तशीच उतरवली की अभंगाचा मुक्तछंद होतो. शंका आली तर अक्षरं मोजा. ६, ६, ६, ४ असं बसलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळलं, तर तो मोठा अभंग आहे. मग चरण तसेच मांडा. शब्द लागत नसेल तर अंदाजाने भरू नका, पत्राने विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून कार्यक्रमाची तारीख त्यानंतरच ठरवा.

प्रश्न : मानधन द्यावं का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : द्यावं. कुणाच्या हाती द्यायचं तेही त्याच पत्रात त्याच्याकडून लिहून घ्या. शिवाय श्रोत्यांनी काय म्हटलं ते दोन पानांत लिहून त्याला पाठवा. पाकिटावर कैदी क्रमांक न विसरता घाला.