बाबा म्हणतात, चल खाली बाकावर बसू

प्रश्न : ताई नमस्कार, मी ठाण्याला राहते, वय 44. बाबा (73) डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये एकटेच असतात, आई जाऊन तीन वर्षं झाली. वस्तू जपून ठेवायची सवय त्यांना पहिल्यापासूनच, पण आई दर दिवाळीआधी रद्दीवाल्याला बोलवून निम्मं घर रिकामं करायची त्यामुळे कधी जाणवलं नाही. आता हॉलमध्ये पेपरचे गठ्ठे खिडकीपर्यंत आलेत, धुवून वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचे डबे, बंद पडलेले तीन मिक्सर, काही म्हणजे काही टाकू देत नाहीत. मागच्या महिन्यात मी एक गंजलेला डबा टाकला तर खाली जाऊन कचऱ्यातून परत घेऊन आले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हल्ली मी गेले की म्हणतात, चल खाली बाकावर बसू. भाऊ म्हणतो तू त्यांना आठवडाभर तुझ्याकडे ने, तोवर मी टेम्पो बोलवून सगळं साफ करतो. हा म्हातारपणाचा हट्ट आहे का काही आजार?

उत्तर : आधी भावाला सांग टेम्पो नको. का ते सांगतेच.

पेपरचे गठ्ठे वाचून मला फार काही वाटलं नाही गं, पिशव्यांनी भरलेली पिशवी माझ्याही दारामागे लटकतेय. पण ते बाकाचं वाक्य मी दोनदा वाचलं. पोटची पोरगी आलीये आणि माणूस तिला घरात न बसवता खाली नेतोय, म्हणजे वर काय झालंय ते त्यांना कळतंय आणि लाज वाटतेय. घरात कुणालाच येऊ न देणं ही फार मोठी खूण. यातूनच पुढचं होतं, गीझर बिघडला तरी प्लंबरला बोलवत नाहीत कारण तो आत येणार, मग थंड पाण्याने अंघोळ, मग अंघोळच कमी.

होर्डिंग म्हटलं की आपल्याकडे चौकातला जाहिरातीचा बोर्ड आठवतो, पण या साठवणीलाही तोच शब्द आहे आणि तो आता रीतसर आजार मानला जातो. पूर्वी हे ओसीडीतच धरायचे, म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येण्याच्या आजारात, 2013 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला वेगळं नाव दिलं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. सुरुवात बऱ्याचदा शाळा-कॉलेजच्या वयात होते, पण घरात आवरणारं दुसरं माणूस असेपर्यंत ती झाकलेली राहते. तुमच्याकडे ते माणूस म्हणजे आई होती.

आता बघायचं काय, तर सामान किती आहे ते मोजू नकोस, खोली तिचं काम करतेय का ते बघ. ओट्यावर पोळी लाटायला जागा आहे का, मोरीत उभं राहून अंघोळ करता येते का, पलंगावर झोपता येतं का. मी एका काकूंच्या घरी गेले होते, त्यांच्या पलंगावर साड्यांची खोकी चढलेली आणि काकू दीड वर्ष खुर्चीत उशी घेऊन झोपत होत्या. पाय सुजायचे म्हणून डॉक्टर बीपीच्या गोळ्या बदलत बसले, खुर्चीचं काकूंनी कुणाला सांगितलंच नव्हतं! तेव्हा बाबांना सहज विचार, रात्री झोपता कुठे.

बाकी फ्रिज उघडून बघ, न उघडलेली लाइट बिलं बघ, तारीख उलटलेल्या गोळ्या बघ. आणि शेगडीच्या आणि देवघरातल्या निरांजनाच्या आजूबाजूला कागद आहेत का ते पहिल्यांदा बघ, कारण आग लागली तर त्या गठ्ठ्यांमधून बाहेर पडायला वाट हवी ना. एवढी एक गोष्ट तातडीची, बाकी सगळं सावकाश.

टेम्पो नको म्हणाले त्याचं कारण असं की वस्तू टाकताना या माणसांना खरोखर त्रास होतो, आपल्याला तो गंजलेला डबा दिसतो, त्यांना कदाचित त्यात आईने भरलेला चिवडा दिसत असेल. त्यांच्या पाठीमागे घर साफ केलं तर घर परत भरतं आणि वर तुमच्यावरचा विश्वास जातो, मग बाकावरही बसणार नाहीत. त्यापेक्षा "बाबा, तुम्ही रात्री उठता तेव्हा पाय अडकून पडाल म्हणून काळजी वाटते, पलंग ते बाथरूम एवढी वाट मोकळी करू" असं म्हण. काय ठेवायचं ते त्यांनीच ठरवायचं, तू फक्त पिशवी धरायची. एका बैठकीत तासभर पुरे. आणि अडगळ, भंगार, कचरा हे शब्द तोंडातून काढू नकोस.

सोबत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. यात मुख्य उपचार बोलण्याचा असतो, सीबीटी म्हणतात त्याला, वस्तू निवडायची आणि सोडायची हळूहळू सवय लावतात, आणि डिप्रेशन असेल तर औषधाचाही उपयोग होतो. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे सगळं आधी नव्हतं आणि सहा-आठ महिन्यांत एकदम सुरू झालं असतं, किंवा सोबत विसरणं, स्वभाव बदलणं दिसत असेल, तर न्यूरोलॉजिस्टकडे आधी जा, कारण डिमेन्शियाच्या काही प्रकारांतही माणसं अशी वस्तू गोळा करतात.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा बाकावर बस त्यांच्याबरोबर, चहाचा थर्मास घेऊन जा, आणि आईच्या वस्तूंपैकी काय काय ठेवलंय ते विचार. वर यायचं ते तेच म्हणतील, थोडा वेळ लागेल.

प्रश्न : ताई, आमच्या सासूबाईंच्या माळ्यावर 11 पातेली आणि तीन परातींचा ढीग आहे, बोहारणीला एक साडी द्यायची तरी चार दिवस विचार करतात. हे पण होर्डिंग का?

उत्तर : नाही हो! माळा माळ्याचंच काम करतोय, हॉलमध्ये पाहुणे बसतायत, आणि चार दिवसांनी का होईना साडी जातेय. गणपतीत 30 माणसांचा स्वयंपाक निघाला की त्या परातीच खाली येतील, तेव्हा बघा.